'झुंड' परत पाहिला... आणि सोसायटीतली सायकल

भिंतीअलीकडची

नागराज मंजुळेंचा 'झुंड' (नागपूरच्या वस्तीतली पोरं आणि त्यांना फुटबॉलला लावणारे सर) २०२२ ला थिएटरात पाहिला तेव्हा अर्धं लक्ष बच्चनकडे होतं आणि अर्धं अजय-अतुलकडे. परवा झी५ वर परत लावला, या वेळी सोबत सासूबाई आणि नववीतला मुलगा. पहिला अर्धा तास व्हायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते? ही पोरं अशीच." आणि मला काही बोलताच येईना, कारण पडद्यावर तेच चाललेलं, मालगाडीवरचा कोळसा, गळ्यातल्या साखळ्या, पत्ते, दारू, दिसेल त्याला शिव्या.

हे आत्ताच का, तर आमच्या सोसायटीतून (पुणे, एरिया सांगत नाही) मागच्या आठवड्यात एक गिअरची सायकल गेली. मागच्या भिंतीला लागून वस्ती आहे. ग्रुपवर पहिला मेसेज "सायकल दिसली का कुणाला" आणि दुसराच मेसेज "वस्तीतली पोरं असणार, भिंत वाढवा". मधे चार मिनिटंसुद्धा नव्हती.

तर प्रश्न असा की मंजुळेंनी त्या मुलांना जसं दाखवलंय त्याने त्यांच्याबद्दलचा समज मोडतो का उलट पक्का होतो? आधी चोर दाखवायचे, मग फुटबॉल देऊन सुधारायचे, यात आपल्यासारख्या बघणाऱ्यांची सोयच होते असं मला या वेळी वाटलं. तुम्हाला काय वाटतं? आणि प्लीज जातीवरून भांडू नका.

खुर्ची_टाकून

नागराज + वस्ती + पुण्याची सोसायटी + "जातीवरून भांडू नका". प्रतिसादांची शंभरी नक्की. शेंगदाणे आणायला चाललोय, कुणाला हवेत?

तर्रीवाला

ताई मी नागपूरचा. माह्या घरापासून गड्डीगोदाम, म्हणजे पिक्चरातली ती वस्ती, गाडीनं दहा मिनिटं. (प्रमाण भाषेत लिहायचा प्रयत्न करतो, जमलं नाही तर सांभाळून घ्या.)

पहिलं म्हणजे ती कोळशाची गोष्ट. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना जाणाऱ्या कोळशाच्या वॅगनी आम्ही लहानपणापासून पाहत आलो. रुळाच्या बाजूला सांडलेला कोळसा बाया टोपल्यात जमा करायच्या, सिगडी त्याच्यावरच पेटायची. त्याले कोणी चोरी म्हणत नव्हतं, 'वेचणं' म्हणत. मग थोडी मोठी पोरं चालत्या गाडीवर चढायला लागली, पोतं भरायला लागली, तिथून ते धंदा झालं. वेचणं कुठं संपलं अन् चोरी कुठून सुरू झाली हे त्या पोरालेही सांगता येत नाही. पिक्चरात हे नीट आलंय असं मले वाटते. कोणी 'मी आता गुन्हेगार होतो' असं ठरवून होत नाही बे.

दुसरं, भाषा. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर आमची हिंदी ऐकली. 'काऊन बे', 'क्या कर रहा बे', ते चिडून बोलणं नसते, ते प्रेमच असते. सासूबाईले शिव्या ऐकू आल्या, आमच्या थेटरात लोक हसून हसून लोळत होते.

स्पष्टच_लिहितो

माझं मत अप्रिय आहे. सिनेमा जवळजवळ तीन तासांचा आहे आणि त्यातला एक तास कापला असता तर काहीही बिघडलं नसतं. एक निवृत्तीला आलेला प्राध्यापक येतो, पोरांना पैसे देऊन फुटबॉल खेळायला लावतो, मग एक दिवस पैसे बंद करतो तरी पोरं खेळायला येतात, की झालं, सगळे सज्जन. असं होतं का हो? आणि तारणहार कोण, तर अमिताभ बच्चन. वस्तीतल्या मुलांचा सिनेमा आणि पोस्टरवर कोण?

शिवाय गरिबी म्हणजे गुन्ह्याचं लायसन नव्हे. माझे आजोबा वार लावून जेवले आणि मॅट्रिक झाले. साखळ्या नाही ओढल्या.

अर्धा_पत्ता

@स्पष्टच, वार लावून जेवले ते ठीक. सात घरांनी आठवड्यातून एक एक दिवस त्यांना आत घेऊन पानावर बसवलं म्हणून जेवले. माझ्या आजोबांना त्या सातातल्या एकाही घराने ओसरीवर घेतलं नसतं. ताई सॉरी, तुम्ही नको म्हणाला होतात, पण विषय आजोबांनी काढला.

खुर्ची_टाकून

चौथ्याच प्रतिसादात जात आली. मला वाटलं होतं दहाव्यात होईल.

मस्टर_भरताना

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, सतरा वर्षं झाली. सिनेमात मला सगळ्यात खरा वाटलेला भाग म्हणजे ती पोरं बोराडे सरांच्या (म्हणजे बच्चनच्या) घरात बसून एकेक करून स्वतःबद्दल सांगतात तो. कारण तसं कुणी विचारतच नाही. माझ्या वर्गात एक मुलगा होता, सोल्युशन ओढायचा, पंक्चरचं असतं ना ते, रुमालात घेऊन. दोन वर्षं मी त्याला रागावले, आईला बोलावलं, समुपदेशनाचा फॉर्म भरला. एकदा सहलीला बसमध्ये शेजारी बसला तेव्हा सहज विचारलं, अरे का ओढतोस. म्हणाला बाई रात्री भूक लागत नाही त्याने. एवढंच. माझ्याकडे त्यावर पुढचं वाक्य नव्हतं. आम्ही त्याला दुपारची खिचडी देत होतो, रात्रीचं कुणाच्या यादीतच नव्हतं.

पण स्पष्टच यांच्या एका मुद्द्याशी सहमत, फुटबॉलने सगळे सुधारत नाहीत. माझ्या शाळेत कबड्डीची टीम आहे, तिघं चांगली खेळतात, त्यातला एक अजूनही मोबाईल उचलतो. खेळतोही आणि उचलतोही. दोन्ही एकाच मुलात असतं हे सिनेमात थोडं कमी आलं.

तर्रीवाला

@मस्टर, नाही हो मॅडम, त्या पोरायतल्या डॉनचं तर तसंच आहे ना. खेळायला लागल्यावर पण त्याचं जुनं भांडण त्याच्या मागे येतेच. मारामारी होते, पोलीस केस होते, बाहेरदेशी वर्ल्डकपले जायचा पासपोर्ट अडकते. सगळे सज्जन झाले असं कुठं आहे?

अन् बच्चनबद्दल. ज्यांच्यावरून पिक्चरातले सर घेतले ते खरे विजय बारसे सर नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते, पावसात तुटक्या बादलीले लाथा मारत खेळणारी पोरं त्यांना दिसली, तिथून २००१ मध्ये स्लम सॉकर सुरू झालं. म्हणजे 'बाहेरचा माणूस आला' हे बनवलेलं नाही, तसंच झालं होतं. पण एक गोष्ट पिक्चरमुळे बाहेर चुकीची गेली, की नागपूरच्या पोरायले फुटबॉल कोणी आणून दिला. अरे मोमीनपुरा पहा, कामठी पहा, कामठीच्या रब्बानी क्लबचं नाव काढलं की म्हातारे अजून खुर्चीवरून उठतात. इथं फुटबॉल आधीपासून होता. नव्हतं ते मैदान. म्हणजे मैदान होतं पण भिंतीच्या आत.

घाटावरचा_मुंबईकर

अवांतर: मंजुळेंनी बच्चनला घेण्यातच गंमत आहे असं मला वाटतं. सत्तरच्या दशकात हाच माणूस पडद्यावर रागावलेला गरीब पोरगा होता, गोदीत हमाली करायचा, स्मगलर व्हायचा, आणि अख्खी पब्लिक शिट्ट्या मारायची. तेव्हा गुन्हा म्हणजे स्टाईल होती, बिल्ला, पांढरे बूट, डायलॉग. इथे तो म्हातारा होऊन बाजूला उभा आहे आणि जी पोरं चोऱ्या करतायत त्यांच्या चोरीत काहीच स्टाईल नाही. चोरलेल्या मालाचे किती मिळणार, त्यात दोन दिवस खर्रा आणि दारू, विषय संपला. गुन्हा इतका फुटकळ, इतका कंटाळवाणा दाखवलेला मी तरी हिंदीत पाहिला नाही. गँगस्टरपट बघून पोरं तसे केस कापतात, झुंड बघून कुणी कोळसा चोरायला जाणार नाही.

ताई, तुमच्या प्रश्नाला हे माझं उत्तर. समज पक्का कधी होतो, गुन्हा भारी दिसला की.

भिंतीअलीकडची

@घाटावरचा, हे पटलं. पण सासूबाईंना भारी दिसला नव्हता, भीतीदायक दिसला होता. तेही पक्कंच होणं ना?

स्पष्टच_लिहितो

मला आजोबांवरून जे सुनावलं ते ऐकून घेतलं. अर्धवट मान्य. 'अर्धवट' लिहितोय कारण सात घरांनी जेवायला घातलं तरी अभ्यास त्यांनाच करावा लागला होता. पण हो, सात घरं होती.

बच्चनवरचा मुद्दा मात्र सोडत नाही. कोर्टात तो उभा राहून भाषण करतो तेव्हा मुलं गप्प उभी. स्वतःची बाजू मांडायला त्यांना स्वतःची भाषा आहे, तर्रीवाले म्हणतात तशी गोड आहे, मग कोर्टात ती का नाही?

काळा_कोट

@स्पष्टच, कारण कोर्टात ती भाषा चालत नाही. :) मी फौजदारी बघतो, जिल्हा कोर्ट. आरोपी पोरगं बोलायला लागलं की आम्हीच कोपर मारून गप्प करतो.

सिनेमातला कायद्याचा भाग बऱ्यापैकी बरोबर आहे हे सांगायला आलो. गुन्हा कोर्टात प्रलंबित असेल तर पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ खाली पासपोर्ट नाकारता येतो. १९९३ च्या एका अधिसूचनेमुळे सूट मिळते, पण त्यासाठी कोर्टाची परवानगी आणावी लागते. म्हणजे बोराडे सरांचं कोर्टात उभं राहणं ही फिल्मी गोष्ट नाही, तोच रस्ता आहे. फरक इतकाच की खऱ्या आयुष्यात त्या पोराच्या वतीने अर्ज करायला कुणी येत नाही, आणि आलं तर तारीख मिळते तोवर वर्ल्डकप होऊन गेलेला असतो.

चहा_कटिंग

वर्ल्डकप म्हणजे ते होमलेस वर्ल्ड कप ना? ते खरंच असतं? मला वाटलं सिनेमासाठी काढलंय.

तर्रीवाला

खरंच असते भाऊ, बेघर लोकायच्या टीमांचा फुटबॉल. २००३ मध्ये ऑस्ट्रियात ग्राझला पहिला झाला. एका बाजूला चार जण, गोलकीपर धरून, अन् सात-सात मिनिटांचे दोन हाफ. तेवढ्यात पोहा पण गार होत नाही.

अर्धा_पत्ता

रात्री सगळा धागा वाचला, झोप येईना म्हणून लिहितो. मोठं होईल.

माझं नाव इथे 'अर्धा पत्ता' का आहे तर मी अशाच एका वस्तीत वाढलो, विदर्भात नाही, दुसरीकडे. कॉलेजात फॉर्म भरताना मी पत्त्यात वस्तीचं नाव गाळायचो. मोठ्या रस्त्याचं नाव आणि 'च्या मागे'. पोस्टमन बरोबर आणून द्यायचा, त्याला माहीत होतं. पहिल्या नोकरीच्या वेळी पूर्ण पत्ता लिहावा लागला तर समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवून विचारलं, तिकडे राहता? मग घरी बघायला कोण येणार, त्याला रात्री कसं पाठवायचं, असं त्यांचं आपसात सुरू झालं. नोकरी मिळाली, नाही असं नाही, पण ते पेन खाली ठेवणं लक्षात आहे.

तर सिनेमात सगळे चोऱ्या आणि फुटबॉल यावर बोलतायत. मला जो भाग आत गेला तो रिंकू राजगुरूचा, ती मोनिका आणि तिचा बाप. गोंड मुलगी, खेळते चांगली, निवड होते, आणि पासपोर्टसाठी ती कोण आहे याचा कागद लागतो. मग हे दोघं बापलेक या ऑफिसातून त्या ऑफिसात, ओळख पटवणारा आणा, त्याची सही आणा. बघताना थिएटरात माझ्या मागचा माणूस म्हणाला, हे काय लांबण लावलंय. अरे, लांबण ते लावलेलंच आहे, आम्हाला. माझ्या आईचं रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायला दोन वर्षं गेली. एका अक्षरासाठी. त्या मुलीने कुठे चोरी केली होती? काहीच नाही. तरी तिची फरफट डॉनपेक्षा कमी नाही. चोरी करणाऱ्याची नोंद सरकारकडे पक्की असते, न करणाऱ्याची नसते, हे मंजुळेंनी एकही भाषण न देता दाखवलं. तीन तासांचा सिनेमा तेवढ्यासाठी मला चालतो.

सुरुवातीचा अर्धा तास मात्र मलाही नाही आवडला. खोटा म्हणून नाही. आमच्या वस्तीत पण तशी आठ-दहा पोरं होती. पण पहाटे चारला उठून मार्केट यार्डात पाटी उचलायला जाणारी साठ होती, आणि त्यांच्यावर सिनेमा निघत नाही. निघाला तर कोण बघेल? मी पण नाही बघणार बहुतेक.

मस्टर_भरताना

या प्रतिसादाखाली मला काहीच लिहिता येत नाहीये. फक्त वाचला एवढं कळावं.

घाटावरचा_मुंबईकर

+१

जयंतीचा सीन कुणी काढलाच नाही अजून. बाबासाहेबांच्या फोटोसमोर बच्चन उभा राहतो तो. काही जण तेव्हा म्हणाले होते मुद्दाम घुसवलाय. नागपुरात, जिथे १९५६ ची दीक्षाभूमी आहे, तिथल्या वस्तीत चौदा एप्रिल न दाखवणं हेच मुद्दाम झालं असतं. गणपतीची मिरवणूक शंभर सिनेमांत आहे, तिला कुणी मुद्दाम म्हणत नाही.

स्पष्टच_लिहितो

मिरवणुकीतला डीजे मात्र मला कुणाचाच सहन होत नाही, गणपतीचाही नाही. यावर तरी एकमत होऊ दे.

खुर्ची_टाकून

पूर्ण एकमत. संपादक मंडळाने हा प्रतिसाद फ्रेम करावा.

चहा_कटिंग

एक विचारू का, यातल्या पोरांचं पुढे काय झालं? डॉनचं काम करणाऱ्या अंकुश गेडामला फिल्मफेअरचं पदार्पणाचं मिळालं एवढं माहीत आहे. बाकीचे?

तर्रीवाला

काही करून राहिले लहानमोठी कामं. सगळं सांगता येत नाही. पण एक गोष्ट इथं सगळ्यांना माहीत आहे म्हणून लिहितो, नाव घेत नाही. त्यातल्या एका पोराला पिक्चर आल्यावर काही महिन्यातच चोरीच्या केसमध्ये पकडलं होतं, अन् २०२५ च्या ऑक्टोबरात इथंच नागपुरात त्याचा खून झाला. बातमीत काय होतं, 'झुंडमधला'. मी त्या दिवशी पिक्चर परत लावायला बसलो होतो, तो दिसला अन् बंद केला.

घाटावरचा_मुंबईकर

हा प्रश्न जुना आहे. १९८८ ला मीरा नायरचा 'सलाम बॉम्बे' आला, ऑस्करच्या शेवटच्या पाचात गेला, त्यातल्या मुख्य मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे तो बंगळूरला रिक्षा चालवत होता. रिक्षा चालवणं वाईट आहे असं नाही म्हणत. पण पडद्यावर तो मुलगा कायम तिथेच उभा आहे आणि आपण पुढे निघून आलो. त्या सिनेमातून निदान रस्त्यावरच्या मुलांसाठी एक ट्रस्ट उभा राहिला, तो अजून काम करतोय.

स्पष्टच_लिहितो

मग यात दिग्दर्शकाची जबाबदारी किती? प्रामाणिक प्रश्न आहे, खोचक नाही. हिरो-हिरॉइनला पुढची कामं मिळतात का नाही हे आपण विचारत नाही, या पोरांबाबतच का विचारतो?

अर्धा_पत्ता

कारण हिरोला परत जायला घर असतं. हे पोस्टर उतरलं की त्याच गल्लीत परत येतात, फक्त आता गल्लीला वाटतं याच्याकडे लई पैसा आला.

दिग्दर्शकाला किती बोलायचं मला माहीत नाही. एका माणसाने एक सिनेमा काढला. बाकी शहर काय करत होतं?

भिंतीअलीकडची

एक अपडेट आहे. सायकल सापडली. आणि हो, वस्तीतल्याच मुलाकडे. पंधरा वर्षांचा आहे. पुढच्या चौकात कुणाला तरी आठशे रुपयांत विकायला निघाला होता, वॉचमनने ओळखली. बावीस हजारांची सायकल, आठशे.

ग्रुपवर कालपासून "बघा, सांगितलं होतं ना" चाललंय. चेअरमनना पोलिसात द्यायचंय. मुलाची आई संध्याकाळी गेटवर येऊन उभी होती, ती आमच्याच बी विंगमध्ये तीन घरी भांडी घासते, आणि आज त्यातल्या दोन घरांनी तिला उद्यापासून येऊ नको सांगितलं. चोरी मुलाने केली, काम तिचं गेलं. आता मला सिनेमाचं काही विचारायचं नाहीये, हे सांगा की मी रविवारच्या मीटिंगमध्ये काय बोलू. माझा मुलगा म्हणतो, आई तू बोलणार आहेस का नुसती बसणार आहेस.

काळा_कोट

ताई, मीटिंगमध्ये एवढं तरी सांगा. मुलगा अठराच्या आतला आहे म्हणजे बाल न्याय कायदा, २०१५ चा. केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमांत स्पष्ट आहे की गुन्हा अति गंभीर नसेल आणि सोबत मोठी माणसं नसतील तर एफआयआर नोंदवायचा नाही. स्टेशन डायरीत नोंद, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल, आणि विषय बाल न्याय मंडळाकडे. कोठडीत टाकायचं नाही, बेड्या नाहीत. सायकल चोरी अति गंभीरात बसत नाही. वयाचा पुरावा आईकडून आत्ताच घेऊन ठेवा, शाळेचा दाखला असेल तर उत्तम. कारण तो हाती नसला की पोरगं कागदावर एकोणीस वर्षांचं व्हायला वेळ लागत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, कुठे ते विचारू नका.

आणि सायकल परत मिळालेली आहे. तक्रार करायचीच असं काही बंधन सायकलवाल्यावर नाही.

मस्टर_भरताना

शाळेत जातो का तो? जात नसेल तर मला निरोप करा, आमच्या भागात असेल तर मी बघते. पंधराचा म्हणजे दहावीचं वर्ष असणार. नाव पटावर असतंच बहुतेक, मुलगा नसतो.

तर्रीवाला

ताई त्या पोराले सायकल चालवता येते का पहिले विचारा. मजाक नाही करून राहिलो. बऱ्याचदा विकायची नसते, दोन दिवस चालवायची असते, मग घाबरून विकायला काढतात. आठशेत बावीस हजाराची विकणारा काय चोर असते का बे, त्याले भावच माहीत नाही.

अर्धा_पत्ता

आईचं काम आधी. त्या दोन घरांना भेटा, रविवारपर्यंत थांबू नका. मुलाचं मंडळ वगैरे होईल सावकाश, पण घरातले पैसे बंद झाले तर पुढची सायकल जाणारच आहे.

स्पष्टच_लिहितो

मी या धाग्यावर सगळ्यात जास्त विरोध केला म्हणून मीच लिहितो. माझ्यासारखे निदान पाच जण तुमच्या मीटिंगमध्ये असतील. ते 'मग उद्या सगळ्यांनीच चोऱ्या कराव्यात का' हे विचारतील, मीही विचारलं असतं. त्यांना सिनेमाबिनेमा सांगू नका, भडकतील. काळा कोट यांनी लिहिलंय ते प्रिंट काढून न्या, कागद दिसला की आमची जात, म्हणजे वाद घालणाऱ्यांची, जरा शांत होते. भिंत वाढवायचा खर्च प्रत्येक फ्लॅटमागे किती पडेल तेही आधीच काढून ठेवा. तो आकडा ऐकून निम्मे लोक उदार होतात, अनुभव आहे.

मी कोथरूडला असतो. रविवारी मोकळा आहे. हवं तर येऊन मागे बसतो, तुमच्या बाजूने बोलणार नाही पण तुमच्या विरोधकांशी त्यांच्या भाषेत बोलता येतं मला.

भिंतीअलीकडची

या. अकरा वाजता, पार्किंगमध्ये. चहा मिळेल. एका घराचं बोलणं झालंय, ती उद्यापासून परत येतेय. दुसरं घर माझ्याच जावेचं आहे, तिथे अजून धीर होत नाहीये.

खुर्ची_टाकून

शेंगदाणे संपले. जावेचं काय होतं ते कळवा मात्र.